संजयाला कुणी विचारलं?

(मुंबईत परळच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भीष्मपर्वाच्या सुरुवातीला व्यास हस्तिनापुरात धृतराष्ट्राकडे येतात. युद्ध आता टळत नाही हे दोघांनाही कळलेलं आहे. व्यास धृतराष्ट्राला म्हणतात, तुला युद्ध पाहायचं असेल तर मी तुला दृष्टी देतो. धृतराष्ट्र नको म्हणतो. माझ्याच माणसांचा संहार मला बघवणार नाही, मी नुसता ऐकेन. मग व्यास ती दिव्य दृष्टी संजयाला देतात.

मी सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ही गोष्ट किती वर्गांना सांगितली असेन, हिशेब नाही. पण एक प्रश्न मला निवृत्तीनंतरच सुचला. राजाला विचारलं गेलं. राजा नको म्हणाला आणि त्याचा नकार ऋषींनी मान्य केला. संजयाला कुणी विचारलं? जे बघवणार नाही म्हणून राजानं नाकारलं, ते या सूतानं बघायचं, आणि ज्याची मुलं मरतायत त्यालाच रोज सांगायचं. त्या प्रसंगात त्याची संमती घेतल्याचं मला कुठे सापडलं नाही.

हा प्रश्न सुचला तो इथून चालत दहा मिनिटांवर, एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या बैठकीत. माणसांवर कोणतंही संशोधन करायचं तर आधी अशा समितीची मंजुरी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, पहिलं धोरण 1980 चं, आणि आज आम्ही वापरतो ती मार्गदर्शक तत्त्वं 2017 ची. समितीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि एक सदस्य असा लागतो की ज्याचा वैद्यकाशी काही संबंध नाही. ती मी. माझं काम मराठी संमतिपत्र वाचायचं आणि विचारायचं, हे रांगेतल्या बाईला कळेल का?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, परळच्या मराठीच्या बाईंचा अमेरिकन सैन्याच्या अतींद्रिय प्रयोगांशी काय संबंध? संबंध असा की संमती म्हणजे काय हे मला ज्या एका प्रकरणानं सगळ्यात जास्त शिकवलं, ते हे.

थोडक्यात हकीकत सांगते. 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सीआयएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या, पैशानं एक काम सुरू केलं. नाव पडलं रिमोट व्ह्यूइंग. माणसाला खोलीत बसवायचं आणि दूरच्या एखाद्या जागेचं, कधी नुसते अक्षांश-रेखांश देऊन, वर्णन करायला सांगायचं. पुढे सैन्यानं मेरीलँडमध्ये फोर्ट मीड इथे स्वतःचा गटच उभा केला. त्याला ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक अशी नावं मिळत गेली आणि शेवटचं स्टार गेट. 1995 मध्ये ते बंद झालं तोवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले होते.

ती खोली डोळ्यांसमोर आणा. भिंती राखाडी, उजेड मंद, एक टेबल, कागद, पेन. समोर प्रश्न विचारणारा. सैन्यातला एक माणूस डोळे मिटून बसलाय आणि त्याला विचारतायत, काय दिसतंय? आणखी काय दिसतंय? सुई नाही, औषध नाही, विजेचा झटका नाही. माझ्या समितीपुढे असा प्रस्ताव आला असता तर पाच मिनिटांत पुढच्या विषयावर गेलो असतो, असं मला आधी वाटायचं.

आता थोडं मागे जाऊ. 1953 मध्ये सीआयएनं एमकेअल्ट्रा नावाची गुप्त योजना सुरू केली. माणसाचं मन ताब्यात घेता येतं का हे शोधायला माणसांना नकळत एलएसडी हे भास घडवणारं औषध दिलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रँक ऑल्सन हा सैन्याचा शास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. काही दिवसांपूर्वी त्याच्या पेयात ते मिसळलं होतं. घरच्यांना हे कळायला 1975 उजाडलं. योजनेची बहुतेक कागदपत्रं 1973 मध्ये वरून आलेल्या हुकमानं नष्ट केली होती.

आणि हे न्यूरेंबर्गनंतर. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्याच्या निकालात 1947 साली दहा कलमं लिहिली गेली. पहिलंच कलम असं की प्रयोगात भाग घेणाऱ्याची स्वेच्छेनं दिलेली संमती अत्यावश्यक आहे. ज्या देशाच्या न्यायाधीशांनी ते लिहिलं, त्याच देशात सहा वर्षांनी हे घडलं. माझा यावर राग आहे आणि तो मी लपवत नाही.

ही प्रकरणं बाहेर आल्यावर नियम आले. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा आदेश निघाला की गुप्तचर संस्थांनी माणसांवर औषधांचे प्रयोग करायचे तर लेखी संमती हवी आणि तिला त्रयस्थ साक्षीदार हवा. 1978 मध्ये कार्टर यांच्या आदेशानं त्यांच्या कोणत्याही मानवी संशोधनाला आरोग्य खात्याची तत्त्वं लागू केली, आणि 1981 मध्ये रीगन यांच्या 12333 क्रमांकाच्या आदेशानं ती कायम ठेवली. म्हणून ग्रिल फ्लेमच्या वेळी सैन्याच्या वकिलांपुढे प्रश्न आला: डोळे मिटून बसणं हा माणसावरचा प्रयोग आहे का? त्यांचं मत पडलं, आहे. मग संमतिपत्रं आणि संरक्षण खात्याच्या वरच्या पातळीवरची मंजुरी हे सगळं आलं. 1986 नंतरच्या प्रयोगशाळेतल्या कामावर तर मानवी सहभागाची तपासणी करणारी स्वतंत्र समितीही होती.

मला त्या वकिलांबद्दल आदर वाटतो. इजा दिसत नव्हती, तरी त्यांनी याला प्रयोगच म्हटलं. आमच्याकडे नेमकं इथेच घसरायला होतं. एखाद्या अर्जाबरोबर 'नुसती प्रश्नावली आहे' अशी चिठ्ठी असते आणि प्रश्नावलीत बाईला विचारलेलं असतं, नवरा मारतो का? ती प्रश्नावली घरी भरायची असते, सासू शेजारी बसलेली असताना. त्या खोलीत रक्त सांडत नाही, पण त्या संध्याकाळी तिच्या घरी काय होईल हे प्रश्नावलीवर लिहिलेलं नसतं. मग एखाद्या सैनिकाला वर्षानुवर्षं सांगितलं की तुझ्यात एक शक्ती आहे, तू ओलिसांना शोधू शकतोस, आणि हे घरी बायकोलाही सांगायचं नाही, तर त्याच्या मनाचं काय होतं हे कोण मोजणार? हा गट सैन्याच्या ज्या गुप्तचर विभागाचा, त्यानं आपल्या अधिकाऱ्यांना व्हर्जिनियातल्या मन्रो इन्स्टिट्यूटमध्ये पाठवलं होतं. तिथे कानात वेगवेगळे ध्वनी सोडून जाणिवेची अवस्था बदलण्याचं प्रशिक्षण मिळे. जाणिवेची अवस्था बदलायची, आणि त्याला निरुपद्रवी म्हणायचं?

पण माझी खरी अडचण कागदावर नाही. कागद झाले होते. अडचण आहे 'हो' या शब्दाची.

माझे मोठे दीर सैन्यात हवालदार होते. सुट्टीवर आले की चाळीच्या गॅलरीत मुलांना घेऊन बसायचे. एकदा त्यांनी सांगितलं, नव्या बुटांची चाचणी होती. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, सक्ती नाही, ज्याला यायचंय त्यानं एक पाऊल पुढे या. अख्खी रांग एक पाऊल पुढे आली. मी विचारलं, भाऊजी, एखादा मागे राहिला असता तर? ते हसले. म्हणाले, "वहिनी, सगळे पुढे गेल्यावर जो मागे राहतो, तो एकटाच दिसतो ना."

पुढचं त्याहून महत्त्वाचं. त्या बुटांनी टाचा सोलवटल्या होत्या. रात्री पायमोजे काढताना कातडी निघायची. सकाळी साहेब विचारत, कसे आहेत बूट? आणि सगळे एका सुरात म्हणत, फस्क्लास, साहेब. ते बूट मंजूर झाले की नाही हे त्यांना कधी कळलं नाही. मी मात्र त्या दिवशी दोन गोष्टी शिकले, कळल्या खूप उशिरा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो मोजता येत नाही. आणि त्याच्याकडून मिळालेली माहितीही मोजता येत नाही.

1995 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेनं या सगळ्या कामाचं मूल्यमापन केलं. जेसिका अट्स या संख्याशास्त्रज्ञ आणि रे हायमन हे मानसशास्त्रज्ञ, दोघांची मतं प्रयोगशाळेतल्या आकड्यांविषयी जुळली नाहीत. पण अहवालानं स्पष्ट म्हटलं की या माहितीवरून प्रत्यक्ष गुप्तचर कारवाई एकदाही झाली नाही. आणि त्यातलं एक निरीक्षण मी वाचलं तेव्हा मला भाऊजींचे बूट आठवले. आधीच ठाऊक असलेल्या माहितीशी जुळावीत म्हणून दर्शकांची, म्हणजे खोलीत बसून दूरचं वर्णन करणाऱ्यांची, वर्णनं बदलली गेली होती, असं स्वतः दर्शकांनी आणि प्रकल्पाच्या व्यवस्थापकांनीच सांगितलं होतं. समोर बसलेल्या वरिष्ठाला जे हवंय ते दिसायला लागणं, ही अतींद्रिय शक्ती लागणारी गोष्ट नाही. प्रत्येक घरातल्या धाकट्या सुनेला ती येते.

न्यूरेंबर्गचं दुसरं कलम कमी लोक वाचतात. प्रयोग समाजाला उपयोगी फळ देईल असा असावा, वाटेल तसा आणि अनावश्यक नसावा. म्हणजे कच्चं शास्त्र हाच मुळात नैतिक दोष. अतींद्रिय शक्ती असते की नाही, या वादात मी इथे शिरत नाही. असते म्हणणाऱ्यानंही हे उत्तर द्यायला हवं की वीसहून जास्त वर्षं माणसं तशाच टेबलाशी बसवली, मग आता थांबा असं म्हणायचा अधिकार कुणाला होता? एथिक्स कमिटीचं अर्धं काम परवानगी देण्याचं, अर्धं थांबवण्याचं.

आणि थांबवणारा बाहेरचा लागतो. गुप्त कामात बाहेरचा आणायचा कुठून? माझ्यासारखी बाई तिथे चालत नाही. दारातच विचारतील, तुम्हाला हे बघण्याची मुभा आहे का? 1997 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी गुप्त मानवी संशोधनाबाबत जी सूचना काढली, तिच्यात दोन गोष्टी नेमक्या याच होत्या. समितीवर सरकारी नोकरीत नसलेला एक सदस्य हवा, आणि संमतीशिवाय गुप्त संशोधन नको. पुढे त्यांच्या संरक्षण खात्याच्या नियमांत असंही आलं की सैनिकांना प्रयोगाची माहिती देताना त्यांचे वरिष्ठ खोलीत नसावेत. ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. भाऊजींच्या साहेबांना खोलीबाहेर पाठवायला कुणीतरी नियम केला होता.

उशीर किती झाला त्याची गोष्ट सांगते. जेम्स स्टॅन्ली हा अमेरिकन सैन्यातला सार्जंट. 1958 मध्ये विषारी वायूपासून वाचवणारे कपडे आणि मुखवटे तपासायचे आहेत असं सांगितलं, म्हणून तो स्वतःहून गेला. तिथे त्याला न सांगता एलएसडी दिलं. नंतर भास व्हायला लागले. रात्री उठून बायकामुलांना मारायचा आणि सकाळी काही आठवायचं नाही. संसार मोडला. 1975 च्या डिसेंबरमध्ये सैन्याकडून पत्र आलं. 1958 च्या चाचणीत भाग घेतलेल्या 'स्वयंसेवकांवर' एलएसडीचे दूरगामी परिणाम काय झाले ते अभ्यासायचं आहे, सहकार्य करावं. सतरा वर्षांनी, त्या पत्रातून, त्याला कळलं. तो न्यायालयात गेला. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की सैनिकाला सेवेतल्या इजेसाठी असा दावा करता येत नाही. विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्तींना न्यूरेंबर्गची आठवण करून द्यावी लागली.

आपल्याकडे काय, असं विचाराल. 2017 च्या तत्त्वांत असुरक्षित गटांची यादी आहे. त्यात लहान मुलं आहेत आणि वरिष्ठांच्या हाताखाली काम करणारेही: विद्यार्थी, कर्मचारी, संरक्षण दलांतले लोक. पण कायद्याच्या पोटात न येणारे प्रयोग आपल्या आसपासही चालतात. मिडब्रेन ॲक्टिवेशनच्या नावाखाली मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पुस्तक वाचायला लावणारे वर्ग तुम्ही पाहिले असतील. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना आव्हानं दिली, पट्टी नाकाजवळ सैल असते हे दाखवलं. मला त्यापलीकडचं दिसतं. आठ वर्षांचं मूल व्यासपीठावर उभं आहे, समोर आईबाबा मोबाईल धरून, शेजारी सर. त्याला फटीतून अक्षरं दिसतायत आणि त्याला माहीत आहे की दिसतायत. आई, मी फसवतोय, हे ते कसं म्हणणार? त्या मुलाकडून कुणीही संमतिपत्र घेतलेलं नाही.

परवा आमच्या समितीनं एका अभ्यासाची पाहणी केली. मी ओपीडीबाहेर बाकावर बसले होते. साठीच्या एक बाई संमतिपत्र हातात धरून बसल्या होत्या, केसपेपर मांडीवर. सहा पानं. वाचता येत होतं, पण वाचत नव्हत्या. मी म्हटलं, काही अडलंय का? त्यांनी डॉक्टरांच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "ताई, यावर नाही असं कुठं लिहायचं?"

मी सहाही पानं उलटून पाहिली. सहीची जागा होती, अंगठ्याची होती, साक्षीदाराची होती. तो अर्ज मी स्वतः मंजूर केला होता.