मियाटात १.६ च्या जागी १.८: इंजिन काढण्याआधी काय काय ठरवायचं?

नमस्कार मंडळी! आज बॉनेट उघडणार आहे, पण पान्याला हात लावणार नाही. आज फक्त प्लॅनिंग.

गाडी आहे माझदा एमएक्स-५, इथे अमेरिकेत जिला सगळे मियाटा म्हणतात. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. सुरुवातीच्या गाड्यांत १५९७ सीसीचं इंजिन होतं, म्हणजे १.६. १९९४ च्या मॉडेलपासून त्याच घराण्यातलं १८३९ सीसीचं, म्हणजे १.८. आता जुन्या १.६ च्या गाडीत हे १.८ बसवायचं आहे. एकाच घराण्यातली इंजिनं असल्यामुळे ते त्याच जागी बसतं, जुना गिअरबॉक्स त्याला थेट जोडला जातो, वेल्डिंग लागत नाही. म्हणून हा स्वॅप, म्हणजे इंजिनाची अदलाबदल, सोपा.

पहिला प्रश्न मात्र हाच विचारा: करायचाच कशाला? अमेरिकन आकड्यांत १.६ ची ताकद ११६ हॉर्सपॉवर आणि १९९४ च्या १.८ ची १२८. फरक बाराचा. तुमचं १.६ ठणठणीत असेल तर माझं स्पष्ट मत आहे, राहू द्या. तेवढ्या पैशात चांगले टायर आणि शॉक अॅब्सॉर्बर घ्या, गाडी जास्त बदलेल.

पण १.६ थकलं असेल, तर तेच इंजिन पुन्हा बांधण्यापेक्षा चांगलं १.८ शोधणं बरं. त्यातही १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाडीवाल्यांनी नीट ऐका. (फोटो: क्रँक पुलीचा क्लोज-अप) त्या इंजिनांच्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुलीचा मोठा बोल्ट खोलला आणि परत नीट आवळला गेला नाही, की आतली गिअर हलायला लागते. मग त्या गिअरला दांड्यावर धरून ठेवणारी धातूची छोटी पट्टी (मेकॅनिक तिला चावी म्हणतात) आणि तिची खाच झिजते, टायमिंग मागे सरकतं, गाडी ओढत नाही, आणि मालक बिचारा प्लग बदलत बसतो. ओळखायचं कसं? पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचा सुधारलेला क्रँक. चार खाचा आणि डगमगणारी पुली एकत्र दिसली, तर त्या इंजिनावर आणखी खर्च करू नका.

आता १.८ घ्यायचं कुठलं? १९९४ ते ९७ चं, पहिल्या पिढीतलं, सगळ्यात कमी कटकटीचं. १९९९ नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) जास्त चांगलं, ताकद १४० च्या घरात, पण सेन्सर वेगळे आणि पेट्रोलची परतीची लाइन नाही. जमतं, पण मग स्वॅप ‘सोपा’ राहत नाही. जंकयार्डमध्ये फोर्ड एस्कॉर्ट जीटीतलं १.८ स्वस्तात दिसेल. तेही माझदाचंच. पण ती गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे ऑइल पॅन आणि कूलंटच्या वाटा वेगळ्या. नुसता ब्लॉक हवा असेल तर घ्या. विकत घेण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. चार आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. विकणारा ‘कालपर्यंत चालू होतं’ म्हणतो, ते सगळेच म्हणतात.

आता खरा मुद्दा. इंजिन आणायच्या आधी ठरवा, ते चालवणार कोण? म्हणजे कुठला ईसीयू, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर?

एक रस्ता असा: गाडीतलं १.६ चं वायरिंग, ईसीयू, इंजेक्टर आणि हवा मोजणारा फ्लॅपवाला मीटर, सगळं तसंच ठेवायचं. मीटर हवा मोजतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो, त्यामुळे १.८ त्यावर बऱ्यापैकी चालतं. पण ही मंडळी एकत्रच ठेवायची. १.८ चे मोठे इंजेक्टर आणि १.६ चा ईसीयू अशी खिचडी केलीत तर गाडी जास्त पेट्रोल पिणार. शिवाय वरच्या आरपीएमला तो फ्लॅप पूर्ण उघडतो आणि पुढची हवा त्याला मोजताच येत नाही.

दुसरा रस्ता मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू. सगळ्यात जास्त मोकळीक, पण ट्यूनिंग शिकावं लागतं. १.६ ची थ्रॉटलवरची (अॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेवरची) स्विच फक्त ‘बंद’ आणि ‘पूर्ण उघडं’ एवढंच सांगते, म्हणून वेगळा थ्रॉटल सेन्सरही धरून चाला.

तिसरा रस्ता म्हणजे ज्या गाडीतून १.८ काढलं, तिचं वायरिंगसकट सगळं उचलून आणायचं. सगळ्यात कंटाळवाणं काम. पण मी कॅलिफोर्नियात राहतो आणि इथे कायद्याच्या दृष्टीने हाच रस्ता सरळ आहे. इथला नियम असा: नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ज्या गाडीतून ते आलं तिची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी यंत्रणा सोबत बसवायला हवी. मग स्मॉग रेफरी, म्हणजे प्रदूषण तपासणारा सरकारमान्य तपासनीस, गाडी तपासतो. म्हणून इथल्या मित्रांना मी १९९४-९५ चंच इंजिन सुचवतो. १९९६ पासून ओबीडी-टू, म्हणजे गाडीतल्या बिघाडांवर स्वतः लक्ष ठेवणारी यंत्रणा, आली, तेव्हाचं इंजिन घेतलंत तर ती सगळी भानगडही सोबत आणावी लागते.

ब्रिटनमधल्या मंडळींनी नवा इंजिन नंबर आणि सीसी डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या गाडी नोंदणी खात्याला, कळवायचे. २००१ च्या आधीच्या गाड्यांची टॅक्सची रेघ १५४९ सीसीवर आहे आणि दोन्ही इंजिनं तिच्या वरच, त्यामुळे टॅक्स बदलत नाही. इन्शुरन्सवाल्यांना सांगायला विसरू नका. आणि पुण्या-मुंबईतून बघणाऱ्यांसाठी: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत ते कडक आहे. भावाच्या गॅरेजमध्ये कुठलंही इंजिन घालण्याआधी आरटीओत विचारा.

आता सामानाची यादी. क्लच आणि फ्लायव्हील १.८ चेच घ्या. ते मोठे आहेत आणि जुन्या गिअरबॉक्सला चालतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याखालचा पाइपही १.८ चा, कारण १.६ चा मॅनिफोल्ड बसत नाही. डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, निर्णय मजेशीर आहे. १.६ च्या गाडीतलं प्रमाण ४.३, त्यामुळे १.८ च्या ताकदीवर गाडी छान पळते. पण ते डिफरन्शियल लहान आणि नाजूक. ट्रॅकवर जाणार असाल तर पुढेमागे १.८ चं मोठं बसवावं लागेल, सोबत अॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही. रोजच्या वापराला आत्ता राहू द्या.

इंजिन बाहेर असतानाच मागची बाजू उरकून घ्या. रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं), हीटरचे होज, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. आणि हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर आहे (कॅमशाफ्ट कुठे आहे ते ईसीयूला सांगणारा), त्याची छोटीशी ओ-रिंग. ही कडक झाली की तेल ब्लॉकच्या मागून खाली गळतं आणि लोकांना वाटतं रिअर मेन सील गेलं. इंजिन गाडीत असताना तिथे हात घालणं म्हणजे शिक्षा असते.

काढण्याबद्दल एकच सूचना. या गाडीत गिअरबॉक्सला खालून स्वतःचा आधार नाही. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची लांब फ्रेम जाते, तीच त्याला धरून ठेवते. ती खोलण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावा. बाकी क्रेन, साखळी आणि एक धीराचा मित्र.

सगळं जोडून झालं की लगेच स्टार्ट करू नका. कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढा, म्हणजे स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत थोडं-थोडं क्रँक करा. मग कनेक्टर लावून स्टार्ट करा. १.६ चाच ईसीयू ठेवला असेल तर इंजिन गरम झाल्यावर डायग्नोस्टिक बॉक्समध्ये ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ वायरने जोडा, टायमिंग लाइट धरा, सेन्सर हळूहळू फिरवून खूण दहा अंशांवर आणा आणि बोल्ट आवळा. जोडलेली वायर काढायला विसरू नका.

पुढच्या व्हिडिओत तिसऱ्या रस्त्याचं वायरिंग, एकेक कनेक्टर उघडून.