राजगृहातले चंदनाचे पात्र

श्रोतेहो, नमस्कार. लाकडी दांडा काठावरून गोल फिरवला की घुमू लागणारा धातूचा वाडगा ‘तिबेटी सिंगिंग बोल’ या नावाने काठमांडूच्या थामेल भागात दुकानोदुकानी मांडलेला असतो. विकणारे आवर्जून सांगतात, की हे बौद्ध भिक्खूंचे भिक्षापात्र असून ते सात ग्रहांच्या सात धातूंचे घडवले आहे. आज या भिक्षापात्राविषयीच बोलायचे आहे, कारण पाली विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या, चुल्लवग्ग नावाच्या भागात त्याची एक कथा आहे.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीला उत्तम चंदनाचे खोड मिळाले. त्याने त्याचे पात्र कोरून घेतले, शिंक्यात घालून बांबूला बांबू जोडून उंच टांगले आणि जाहीर केले, की जो श्रमण वा ब्राह्मण अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, आणि ऋद्धिमान, म्हणजे चमत्काराची सिद्धी असलेला, असेल त्याने ते उतरवून न्यावे. पूरण कस्सपासारखे मोठमोठे आचार्य एकामागून एक येऊन म्हणाले, “गृहपती, मीच तो; पात्र मला दे.” श्रेष्ठीचे उत्तर एकच होते, “तसे असेल तर उतरवून घ्या.” त्याच वेळी बुद्धांचे शिष्य महामोग्गल्लान आणि पिंडोल भारद्वाज भिक्षेसाठी नगरात आले होते. ‘आपण घ्या’, ‘नाही, आपणच घ्या’ असे दोघांत झाले आणि अखेर पिंडोलाने आकाशात झेप घेऊन पात्र काढले व त्यासह राजगृहाभोवती तीन फेऱ्या मारल्या. चमत्काराला गर्दी बोलवावी लागत नाही, हे तेव्हाही खरेच होते. लोकांचा कोलाहल बुद्धांच्या कानी गेला. एका लाकडी पात्रासाठी गृहस्थांपुढे सिद्धी दाखवली म्हणून त्यांनी भर संघात पिंडोलाची कठोर निर्भर्त्सना केली, पात्र फोडून त्याची पूड अंजनात मिसळण्यासाठी भिक्खूंना देण्यास सांगितले आणि लाकडी पात्र निषिद्ध ठरवले. पुढे काही भिक्खू सोन्यारुप्याची पात्रे मिरवू लागले, तेव्हा त्यांनी सोने, रुपे, तांबे, शिसे, कथील यांच्याबरोबर कासेही वर्ज्य केले. अनुज्ञा मिळाली ती दोनच पात्रांना: लोखंडाच्या आणि मातीच्या. पुन्हा सांगतो, लोखंडाच्या आणि मातीच्या.

दुकानातला वाडगा मात्र काशाचा असतो. सात धातूंची कथा बाजूला ठेवली, तर जुन्या वाडग्यांत मुख्यतः आढळते ते तांबे आणि कथील, स्थूलमानाने चारास एक या प्रमाणात. तळपायाला तूप चोळायची आपली काशाची वाटी याच मिश्रधातूची. ती आपण स्टीलच्या नादाने माळ्यावर टाकली आणि तिचेच भावंड आता दामदुप्पट मोजून घेतो, याची मला गंमत वाटते.

मग तिबेटी उपासनेतला पवित्र नाद कोणता? तो घंटेचा. पूजेच्या वेळी लामा डाव्या हातात घंटा, म्हणजे द्रिलबु, आणि उजव्या हातात वज्र, म्हणजे दोर्जे, धरतात. घंटा ही प्रज्ञा, वज्र हा उपाय. प्रज्ञा म्हणजे शून्यतेचे, कशालाही स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नाही याचे, ज्ञान आणि उपाय म्हणजे करुणेने केलेली कृती. ही दोन्ही एकत्र असल्याखेरीज बोधी नाही, म्हणून घंटा आणि वज्र यांची जोडी मोडत नाहीत. वाडग्याला पाश्चात्त्य जगात प्रसिद्धी मिळाली ती विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात, ध्वनिमुद्रिकांमधून.

बौद्ध मंदिरातल्या वाडग्याचाच नाद ज्यांना ऐकायचा असेल, त्यांनी जपानकडे वळावे. तिथे ‘केइसु’ नावाचा काशाचा मोठा वाडगा गादीवर ठेवलेला असतो आणि सूत्रपठणाच्या आरंभी त्यावर टोला दिला जातो.