बर्फाखाली झोपलेला लिंबाएवढा जीव : माउंटन पिग्मी पॉसम

नमस्कार मंडळी!

(हातात लिंबू धरून) हे लिंबू बघा. वजन साधारण ४५ ग्रॅम. आज ज्या प्राण्याबद्दल बोलणार आहे, तो पूर्ण वाढला तरी एवढ्याच वजनाचा असतो. उंदरासारखं अंग, टपोरे काळे डोळे आणि अंगापेक्षा लांब शेपटी. ती शेपटी फांदीला गुंडाळून तो स्वतःला सावरतो. नाव माउंटन पिग्मी पॉसम. हा शिशुधान प्राणी आहे, म्हणजे मादीच्या पोटाला पिल्लांसाठी पिशवी असते.

मागच्या जुलैत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियातल्या हिवाळ्यात, आई-बाबा पुण्याहून मेलबर्नला आले होते. पाहुण्यांना बर्फ दाखवायचा म्हटलं की इथली बरीच मराठी घरं माउंट बुलर गाठतात, तसे आम्हीही गेलो. आई घोटाभर बर्फात उभी राहिली, चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं, एवढ्या गारठ्यात इथे जीव तरी कसला जगत असेल?"

मी समोरचा उतार दाखवला. म्हटलं, "आई, त्या बर्फाच्या खाली मोठमोठ्या दगडांचा खच आहे. त्या दगडांच्या फटींमध्ये एक जीव झोपलाय. दिवाळीच्या आसपास उठेल."

आईचा विश्वास बसेना. म्हणून आजचा व्हिडिओ आईच्या त्या प्रश्नासाठी.

शिशुधान प्राणी म्हटलं की आपल्याला कांगारू आठवतो, फार तर कोआला. पण या कुळातले कितीतरी प्राणी तळहातावर मावतील एवढे आहेत. अँटिकायनस नावाचा एक आहे, त्याचे नर आयुष्यात एकदाच दोन-तीन आठवडे माद्यांच्या मागे धावतात आणि त्यातच शरीर खचून सगळेच्या सगळे मरतात. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल. आपल्या पॉसमची तऱ्हा अगदी उलटी आहे. एवढ्या लहान आकाराचे प्राणी वर्ष-दोन वर्षांत संपतात, पण याची मादी दहा वर्षांहून जास्त जगलेली आढळली आहे.

आणि हा प्राणी सापडला कसा, ते ऐका. १८९५ मध्ये रॉबर्ट ब्रूम नावाच्या डॉक्टरांना न्यू साउथ वेल्समधल्या वॉम्बियन गुहांमध्ये जबड्याचे काही जीवाश्म मिळाले. एक दात खूप मोठा आणि त्यावर उभ्या खाचा. त्यांनी त्याला नाव दिलं, बुरामिस पार्वस. सगळे धरून चालले की हा प्राणी केव्हाच नामशेष झालाय. आणि मग १९६६ च्या ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमवर स्कीइंग करणाऱ्यांच्या एका झोपडीत तो चक्क जिवंत सापडला! सत्तर वर्षं पुस्तकात मृत म्हणून नोंदलेला प्राणी माणसांच्या मुक्कामाच्या जागी येऊन बसला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आत्ता सांगतानाही येतोय.

आज तो फक्त तीन भागांत उरलाय : न्यू साउथ वेल्समधला कोझियुस्कोचा डोंगराळ भाग, व्हिक्टोरियातला हॉथम आणि बोगाँग पठाराचा परिसर, आणि माउंट बुलर. सगळं १,२०० मीटरच्या वर आणि सगळं दगडांच्या खचात. हे दगडच त्याचं घर. वरून ऊन, वारा, कोल्हे, मांजरी, काहीही असो, आत खोल फटींमध्ये गारवा असतो आणि आसरा असतो. हिवाळ्यात वरचा बर्फ गोधडीचं काम करतो. बाहेर शून्याच्या कितीतरी खाली गेलं तरी जाड बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं. पॉसम अंगाची गुंडाळी करतो आणि शरीराचं तापमान २ अंशांपर्यंत उतरू देतो. मधून मधून जागा होतो, पुन्हा झोपतो. असे पाच ते सात महिने! म्हणूनच बर्फ कमी पडला की त्याची पंचाईत होते. पातळ गोधडीत थंडी आत शिरते, तो वारंवार जागा होतो आणि प्रत्येक जागेपणाला अंगातली चरबी जळते.

कोकणात आगोटीची बेगमी करतात ना, पावसाळ्याआधी घर भरून ठेवतात, तसंच हा करतो. प्लम पाइन नावाचं बुटकं झुडूप दगडांवर पसरलेलं असतं. त्याच्या बिया हा खातो आणि फटींमध्ये साठवूनही ठेवतो. ब्रूमना दिसलेला तो खाचांचा मोठा दात या कामाचा आहे, कडक बिया फोडण्यासाठी.

पण बिया मुख्यतः उन्हाळ्याच्या शेवटी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सहा महिने झोपून उठल्यावर काय खायचं? तिथे येतो बोगाँग पतंग.

हा पतंग दिसायला साधा, तपकिरी. जन्मतो दक्षिण क्वीन्सलँडच्या आणि पश्चिम न्यू साउथ वेल्सच्या सपाट मैदानांत. वसंत ऋतूत तिथून उठतो आणि रात्री-रात्री उडत हजार किलोमीटरपर्यंत अंतर कापून या डोंगरांवर येतो. याआधी हा रस्ता त्याने कधी पाहिलेला नसतो, दाखवायला आई-बापही नसतात. तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखतो हे २०१८ मध्ये सिद्ध झालं आणि ताऱ्यांनी भरलेलं आकाश बघून दिशा धरतो हे २०२५ मध्ये. उन्हाळाभर तो गार गुहांमध्ये, कपारींमध्ये भिंतीला चिकटून बसून राहतो, कौलांसारखे एकावर एक. इथले आदिवासी समाज हजारो वर्षं दर उन्हाळ्यात डोंगरावर जमून हेच पतंग भाजून खात आले, कारण पतंगाच्या अंगात निम्म्याहून जास्त चरबी असते. पॉसमला तर हे ताटच वाढून ठेवलेलं.

आता त्याचा संसार. माद्या वरच्या भागात राहतात, जिथे दगड खोल आणि पतंग जास्त. नर खालच्या उतारांवर. वसंतात नर चढून वर येतात, मीलन होतं आणि परत खाली जातात. दोन आठवड्यांत पिल्लं जन्मतात, तांदळाच्या दाण्याहून लहान, डोळे मिटलेली. ती सरपटत पिशवीत जातात. मादीला स्तनाग्रं फक्त चार. जन्मतात त्याहून जास्त, पण ज्या चौघांना जागा मिळते तेवढीच जगतात.

नर परत खाली जातात, हे लक्षात ठेवा. कारण हॉथमवर बर्फात खेळणाऱ्यांसाठी रस्ता झाला, इमारती झाल्या आणि नरांची वाट तुटली. मीलनानंतर ते वरच अडकून पडले. माद्यांशी जागेसाठी, खाण्यासाठी चढाओढ सुरू झाली आणि हिवाळ्यात माद्या मरू लागल्या. इयन मॅनसर्ग आणि डेव्हिड स्कॉट्स या संशोधकांनी हे हेरलं. मग ऐंशीच्या दशकात रस्त्याखालून बोगदा काढला आणि त्यात दगड भरले, अगदी त्यांच्या घरात असतात तसे. नुसता सिमेंटचा पाइप टाकला असता तर तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. थोड्याच दिवसांत नर त्यातून उतरू लागले आणि माद्यांचं मरण कमी झालं. लोक त्याला प्रेमाचा बोगदा म्हणतात. मला मात्र त्यात भरलेल्या दगडांचं जास्त कौतुक वाटतं.

बुलरवर अडचण वेगळी होती. तिथे १९९६ मध्ये हा प्राणी सापडला तेव्हा तीनशेच्या आसपास होते, दहा-बारा वर्षांत तीसच्या घरात आले. आपसातच मीलन होऊन वंश कमकुवत झाला होता. मग हॉथमवरून नर आणून सोडले. त्यांची पिल्लं धडधाकट निघाली आणि संख्या पुन्हा वाढली. आई जिथे उभी होती, तिथल्या उतारावर त्यांचेच वंशज झोपलेले.

पण २०१७ पासून मैदानांत दुष्काळ पडला आणि पतंग आलेच नाहीत, जवळजवळ नाहीतच. २०१८ च्या वसंतात संशोधकांनी माद्या तपासल्या, तर कित्येकींच्या पिशवीतली पिल्लं गेलेली होती. आईच उपाशी, दूध कुठून येणार? त्यानंतर २०१९-२० चे वणवे, त्यात कोझियुस्कोचा भाग होरपळला. झूज व्हिक्टोरियाने, म्हणजे व्हिक्टोरियातली प्राणीसंग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने, तेव्हा खास बिस्किटं तयार केली, पतंगांतून मिळणारं पोषण देणारी. माणसांनी ती डोंगरावर नेऊन ठेवली, पाणीही ठेवलं.

पतंगांचा दुसरा शत्रू म्हणजे आपले दिवे. ताऱ्यांवर चाललेला पतंग झगझगीत दिव्याकडे वळतो आणि तिथेच घुटमळत राहतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये स्टेडियमच्या दिव्यांवर हेच पतंग गर्दी करून होते.

आणि आता आपल्याकडे येते. पतंगांचा प्रवास सप्टेंबर-ऑक्टोबरचा आणि आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. मी आकाशकंदील लावते, लावणारच. फक्त जेवणं आटोपली की तो बंद करते, अंगणातल्या माळाही. सिडनी, कॅनबेरा, मेलबर्नला असाल तर तुम्हीही करून बघा. आणि भिंतीवर तपकिरी पतंग बसलेला दिसला तर जवळ जा. प्रत्येक पुढच्या पंखावर गडद पट्टा आणि त्यात दोन फिकट ठिपके असतील, एक गोल, दुसरा घेवड्याच्या दाण्यासारखा, तर तो बोगाँग असू शकतो. फोटो काढून झूज व्हिक्टोरियाच्या 'मॉथ ट्रॅकर' या पतंगांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाका, आणि मग दिवा मालवा. मी टाकलेला पहिला फोटो कपडे वाळत घालायच्या जागेतला होता. रात्री अकराला दिवा बंद केला, पहाटे साडेपाचला जाऊन पाहिलं, तर भिंत रिकामी होती.