अन्नातला पारा सापडतो कसा?

(दृश्य: काचेच्या चौकोनी नळीत नितळ द्रावण. पिपेटमधून एक थेंब पडतो.)

या द्रावणात रोडामाइन या रंगद्रव्यापासून बनवलेला रेणू आहे. आत्ता रंग दिसत नाही, कारण रेणूच्या रचनेतलं एक कडं बंद आहे. त्या कड्यापाशी मुद्दाम गंधकाचा अणू बसवलाय. पाऱ्याला गंधकाची भारी ओढ. थेंबातून पाऱ्याचे आयन आले, त्यांनी गंधक हिसकावला, रेणूची फेरजुळणी झाली आणि कडं उघडलं. द्रावण गुलाबी होतंय, बघा. आता हिरवा प्रकाश टाकू. नारिंगी झळाळी!

हा झाला फ्लुरोसंट प्रोब. एका रंगाचा प्रकाश शोषायचा, दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा, आणि तेही नेमकं रसायन भेटल्यावरच.

चमकणारे रेणू रसायनशास्त्रज्ञांकडे ढिगाने आहेत. कस लागतो तो गप्प राहण्यात. तांबं आलं, लोह आलं, तरी या रेणूने हूं की चूं करता कामा नये. त्यात अन्न स्वतःच चमकतं. दुधातलं रायबोफ्लेविन हिरवट, पालेभाजीतलं क्लोरोफिल लाल. मग दिसणारी चमक प्रोबची की भाजीची?

यावर एक तोड आहे: दोन रंगांचं गुणोत्तर मोजायचं. सल्फाइट हे अन्न टिकवण्यासाठी वापरलं जाणारं रसायन घ्या. काहींना त्याने दम्याचा झटका येतो. सल्फाइट काही प्रोबमधल्या दुहेरी बंधावर चढतं आणि रेणूची लांबलचक साखळी मध्येच तुटल्यासारखी होते. लाल चमक उतरते, निळी चढते. प्रोब थोडा कमी-जास्त पडला तरी गुणोत्तर फारसं हलत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी.)

पेशीत शिरणं आणखी अवघड. विद्युतभारित रेणूला पेशीपटल सहसा आत घेत नाही. १९८१ साली रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियमच्या प्रोबसाठी नामी युक्ती काढली: भारित टोकांवर एस्टरच्या, म्हणजे भार झाकणाऱ्या रासायनिक गटांच्या, टोप्या चढवल्या. रेणू आत सरकला, पेशीच्याच विकरांनी टोप्या कापल्या, आणि प्रोब आत अडकला. अन्नातल्या विषारी रसायनांच्या प्रोबनाही ही युक्ती कामी येते.

आत मात्र पाऱ्याला दुसरा गिऱ्हाईक आहे, ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक छोटा रेणू. त्यातही गंधक, आणि तो पेशीत भरपूर. त्यामुळे प्रोबच्या वाट्याला येईल तेवढाच पारा आपल्याला दिसतो. शिवाय एकदा उघडलेलं हे कडं पुन्हा मिटत नाही. पारा आला हे कळतं, गेला हे कळत नाही.

म्हणून अन्नातल्या पाऱ्याचा नेमका आकडा हवा असेल, तर प्रयोगशाळा आजही मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या (अणूंना वस्तुमानानुसार वेगळं करून मोजणाऱ्या) यंत्रांकडे वळते. पण त्यासाठी नमुना आधी सहसा आम्लात विरघळवावा लागतो. पारा पेशीच्या कुठल्या कोपऱ्यात साठलाय, हे पेशी जिवंत असताना पाहायचं, तर प्रोबच लागतो.