तिरक्या रेघेच्या उजवीकडे

सकाळचे सव्वासहा. इंदूरचा गंगवाल बसस्टँड. देपालपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेली ही बाई माझी आई. ही फिल्म तिचीच. घर रामबागेत, नोकरी वाटेवरच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात. सत्तावीस वर्षं झाली. गावात तिला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची ती सिस्टरदीदी.

आमच्याशी ती मराठी बोलते, बसमध्ये हिंदी, आणि कळा सुरू झालेल्या बाईशी माळवी. लहानपणी एकदा तिच्याबरोबर गेले होते. तिची ती माळवी ऐकून मला रडूच आलं होतं. वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची तरी आई आहे.

आता हा कागद जवळून बघा. याला पार्टोग्राफ म्हणतात, बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता. आडवे तास मांडलेत. उभ्या बाजूला गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते, ४ पासून १० पर्यंत. तपासलं की आई इथे फुली मारते. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, मिनिटाला ११० ते १६० हवेत. दहा मिनिटांत कळा किती. पाणी गेलं असेल तर ते स्वच्छ की हिरवट.

मधून ही तिरकी रेघ गेली आहे, तासाला एक सेंटिमीटर या चालीची. फुल्या तिच्या डावीकडे राहिल्या तर काळजी नाही. उजवीकडे सरकल्या की गाडी बघायची. चार तास पुढे दुसरी रेघ आहे, पण ती येईस्तोवर वाट बघत बसायचं नसतं. सिझरची सोय इंदुरात. एमवाय, म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं महाराजा यशवंतराव रुग्णालय, इथून तासाभराच्या वाटेवर.

फुली मारणं सोपं. पाठवायचं ठरवणं अवघड. लवकर पाठवलं तर सासू म्हणते, सिस्टरला रात्र जागवायची नाही. उशीर झाला तर...

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पहिलटकरणीसाठी आई तासभर जास्त थांबली होती. डॉक्टरांचा निरोप होता, होईल नॉर्मल. तेव्हा दवाखान्यात हा कागद नव्हता, आणि गाडी म्हणजे गावातल्या कुणाची तरी जीप. बाई वाचली. बाळ गेलं. हे तिने मला या चित्रीकरणाच्या आधी कधीच सांगितलं नव्हतं. सांगत होती तेव्हा भांडी घासत होती. नळ वाहत राहिला, तिने बंद केला नाही.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या बाईला १४०० रुपये. पैशांमुळे बायका यायला लागल्या, हे आई मोकळेपणाने सांगते. आल्या म्हणून त्यांना ऑक्सिटोसिन मिळालं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत मांडीत १० युनिटचं इंजेक्शन, त्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्त कमी जातं. बाळंतपणात बायका दगावतात त्या सगळ्यात जास्त रक्त जाऊनच. म्हणून वार पडल्यावरही आई हलत नाही. थोड्या थोड्या वेळाने पोटावर हात ठेवते. बेंबीपाशी घट्ट गोळा लागला की हात काढते.

सोयाबीन काढणीला आलं असेल तर बाळंतिणीला संध्याकाळीच घरी न्यायची घाई असते. तेव्हा आई दारात खुर्ची टाकून बसते.

दवाखान्यात बाळंतपणं किती झाली, हे सगळे विचारतात. वेळेत किती जणींना पुढे पाठवलं, हे आईला आजवर कुणी विचारलेलं नाही. मला ते विचारावंसं वाटलं, म्हणून ही फिल्म.

आम्ही गेलो त्या दिवशी एक पहिलटकरीण आली होती. कॅमेरा आम्ही आत नेला नाही, बाहेर बाकावरच बसून राहिलो. साडेतीनची फुली रेघेच्या उजवीकडे पडली. आईने १०८ ला फोन लावला, कागद सासूच्या हातात दिला. ‘वहाँ पहुँचते ही सबसे पहले ये दिखाना.’ गाडी वळणाआड जाईपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

रात्री आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा फोन आला. सिझर झालं. मुलगी, पावणेतीन किलो.

आईने भातावर तूप मागून घेतलं.