कसं केलंस ते सांग

[दृश्य: पाटी जवळून. पेन्सिलीने लिहिलेली उभी वजाबाकी.]

52 वजा 27. पाचवीतल्या मुलीने उत्तर लिहिलंय, 35.

उत्तर चुकलंय. पण ते आलं कुठून, ते बघू. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून तिने 7 मधून 2 घालवले. राहिले 5. मग 5 मधून 2 गेले, राहिले 3. तिने एक नियम पाळलाय, मोठ्यातून लहान वजा करायचं. पहिली-दुसरीत हाच नियम तिला रोज उपयोगी पडला होता. हातच्याची वजाबाकी आली आणि तो नियम अपुरा पडला. त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर वर्गात गुणाकार झाला, भागाकार झाला, अपूर्णांक झाले. ती मात्र त्या वजाबाकीपाशीच राहिली.

[दृश्य: देवळाली कॅम्प, संध्याकाळ. दाराबाहेर चपला. आत सतरंजीवर पंधरा-वीस मुलं.]

नाशिकजवळच्या देवळालीतला हा अभ्यासवर्ग. इथे शिकवणाऱ्या ताईंकडे तिसरीपासून दहावीपर्यंतची मुलं येतात. नवीन मुलाला त्या पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडायला सांगत नाहीत. वजाबाकी देतात, एखादा भागाकार देतात, आणि शेजारी बसून तो कसा करतो ते बघतात. दहावीच्या मुलालाही यातून सुटका नाही.

मुलांना याचा आधी राग येतो. "ताई, हे तिसरीचं आहे!"

"हो, पण मला बघायचंय."

दहावीला बीजगणित आणि भूमिती मिळून 80 गुणांचे दोन पेपर, वर अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण. म्हणून घरच्यांना घाई असते पोर्शन पूर्ण होण्याची. इथला एक मुलगा वर्गसमीकरणाचं सूत्र धडाधडा म्हणून दाखवतो. पण x² − 15x + 54 = 0 समोर आलं की थांबतो. गुणाकार 54 आणि बेरीज 15 येईल अशा दोन संख्या त्याला सुचत नाहीत, कारण नऊचा पाढा साठच्या आत कुठेतरी डळमळतो. त्याला वाटतं, आपल्याला बीजगणित येत नाही. खरं तर त्याचं घोडं पाढ्यात अडलंय. ते मान्य करायची दहावीत लाज वाटते, म्हणून तो सूत्रच आणखी घोकतो.

मागे जाऊन शिकवण्याची ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. नव्वदच्या दशकात 'प्रथम' या संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' आणल्या. वस्तीतल्याच तरुण मुली, बहुतेक शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या. वर्गात मागे पडलेल्या मुलांना त्या रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन बसायच्या आणि मूळ वाचन-गणित पक्कं करून घ्यायच्या. मुंबई आणि बडोद्यात या कामाचा काटेकोर अभ्यास झाला. त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते तळाशी असलेल्या मुलांचे. ज्यांच्याबद्दल 'याचं काही होणार नाही' असं म्हटलं जातं, त्यांचेच.

तरी गरज संपलेली नाही. 2024 च्या 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी भागाकार करता आला तो 30.7 टक्के मुलांना. बाकीच्या मुलांची आबाळ झाली आहे आणि ती आपण मोठ्यांनी केली आहे, एवढं तरी कबूल करायला हवं.

[दृश्य: पुन्हा ती मुलगी. समोर खेळातल्या दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी.]

ताई पाटीवरचं 35 पुसत नाहीत. चूक आहे असंही म्हणत नाहीत. हात पुढे करतात. "मला सत्तावीस रुपये दे."

मुलगी दहाच्या दोन नोटा देते. मग आपल्याकडच्या दोन नाण्यांकडे बघते.

"सुट्टे नाहीत."

"मग?"

"तुम्ही द्या ना सुट्टे."

एक नोट जाते, दहा नाणी येतात. त्यातली सात ताईंच्या हातावर. उरलेले पैसे ती मोजते. पंचवीस. पुन्हा मोजते. पंचवीसच. मग तिची नजर पाटीवर जाते.

ताई गप्प आहेत. शिकवणाऱ्याला ही शांतता फार जड जाते, तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं.

"ताई... मग इथे पस्तीस कसं आलं?"

हा प्रश्न तिचा तिने विचारला. आता हातचा म्हणजे काय ते सांगायला दोन मिनिटं पुरतात, कारण दहाची नोट तिने स्वतःच मोडून घेतली आहे.

दुकानात हिशोब चोख आणि वहीत गोंधळ, असं खूप मुलांचं असतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. ही मुलं गिऱ्हाईकाचा हिशोब तोंडी बरोबर करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली गणितं त्यांच्यातल्या बहुतेकांना सुटत नव्हती. फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांचं बरोबर उलट. बाजारातला हिशोब आणि वहीतलं गणित हे दोन्ही एकच आहे, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

मोठ्यांचंही तेच. मुलाला सोडायला आलेली आई त्याच्या देखत म्हणते, "ताई, आमच्याकडे गणित कुणालाच जमलं नाही."

"तुमच्या भिशीचा हिशोब कोण ठेवतं?"

"मीच की!"

"मग हे याच्यासमोर पुन्हा म्हणू नका."

[दृश्य: मुलांच्या वह्या. काट मारलेलं गणित, शेजारी बरोबर गणित.]

या खोलीत खोडरबर वापरत नाहीत. चुकलेलं गणित तसंच राहतं, शेजारी बरोबर केलेलं. 'सोपं आहे' हे शब्दही इथे ऐकू येत नाहीत. सोपं म्हटलेलं जमलं नाही, तर मुलाने स्वतःबद्दल काय समजायचं?

ऐकू येतं ते 'कसं केलंस ते सांग'. सुरुवातीला हे ऐकलं की मूल लगेच घाबरून उत्तर बदलतं. विचारलं म्हणजे चुकलं असणार, अशी सवय झालेली असते. म्हणून ताई बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारतात. हळूहळू मुलं उत्तर सांगून ताईंच्या चेहऱ्याकडे बघणं सोडतात. आत्मविश्वास म्हणतात तो हाच, असं आम्हाला इथे वाटलं. शाबासकीने मूल खूश होतं, पण बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार ताईंकडेच राहतो. आपलं उत्तर आपल्यालाच तपासता आलं, की तो अधिकार मुलाकडे येतो.

[दृश्य: फळ्यावर 6174.]

यासाठी ताईंनी जवळचाच माणूस शोधला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. 1905 साली डहाणूत जन्मले, 1930 ते 1962 देवळालीत शाळेत शिकवलं. पदव्युत्तर शिक्षण नाही, कुठल्या विद्यापीठात जागा नाही. बड्या गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं, तरी संख्यांशी खेळणं त्यांनी सोडलं नाही. 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी 6174 मांडला. 1975 मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं आणि देवळालीच्या या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

खेळ असा. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा 3, 5, 2, 4. मोठ्यात मोठी संख्या 5432, लहानात लहान 2345. वजा केले, 3087. पुन्हा तेच. 8730 वजा 0378, 8352. पुन्हा. 8532 वजा 2358, 6174. आणि 7641 वजा 1467 केलं तरी 6174 च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचता.

यातल्या प्रत्येक वजाबाकीत हातचा घ्यावा लागतो. आणि प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात असावीच लागते. 3, 0, 8, 7 ची बेरीज अठरा. नसेल, तर कुठेतरी घसरलं. ते शोधायला ताई लागत नाहीत.

मघाची ती मुलगी आता याच वजाबाक्या करते आहे. एकदा बेरीज एकोणीस येते. ती स्वतःशीच "अंहं" म्हणते, दशकापाशी परत जाते, राहून गेलेला हातचा शोधते. मान वर न करता पुढे जाते.

मागून एक मुलगा ओरडतो, "ताई, सगळे सारखे घेतले तर शून्यच येतं!" ताई मान डोलावतात. खोलीत थोडा गलका होतो. मग पुढच्या रांगेतून प्रश्न येतो, "तीनच अंक घेतले तर? तरी एकाच आकड्यावर येईल?"

उत्तर ताईंना माहीत आहे. त्या खडू पुढे करतात. मुलगी उठते आणि फळ्यावर लिहिते, 532 वजा 235.