म्युलर: गावातला एकटा माणूस

(दृश्य: पहाट. धुकं. फक्त पाण्याचा आवाज.)

पाणी आधी ऐकू येतं, चाक नंतर दिसतं.

झाडीतून आणलेला लाकडी पाट, त्याच्या टोकाला धार, आणि धारेखाली दोन पुरुष उंचीचं चाक. चाकाच्या कडेनं कप्पे आहेत. वरचा कप्पा भरला की जड होतो, खाली येतो, रिकामा होतो. तोवर मागचा भरलेला असतो. इंजिन नाही, वीज नाही. पाण्याच्या वजनावर सगळी गिरणी चालते.

जर्मनीतल्या एका ओढ्याकाठची ही जुनी गिरणी. आज पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार आहे. 1994 पासून हा दिवस जर्मनीत ‘गिरण्यांचा दिवस’ म्हणून पाळतात. देशभरातल्या शेकडो जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या या एका दिवशी लोकांसाठी उघडतात. सकाळी सातलाच दारात पोरं येऊन उभी आहेत.

जर्मन भाषेत गिरणीला म्हणतात ‘म्युलऽ’, आणि ती चालवणाऱ्याला ‘म्युलर’. ‘इ’ म्हणायच्या तयारीत असताना ओठांचा चंबू करा, उच्चार जवळपास बरोबर येईल.

हेच आज जर्मनीतलं सगळ्यात जास्त माणसांचं आडनाव आहे. सहा-सात लाखांच्या घरात म्युलर आहेत. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्येही पहिला नंबर याच आडनावाचा. हे आडनाव इतकं कसं पसरलं, ते या खोलीत उभं राहिलं की कळायला लागतं.

(दृश्य: गिरणीचा आतला भाग. लाकडी दातेरी चाकं.)

थोडं मागे जाऊ. 12व्या शतकापर्यंत इथल्या साध्या माणसाला आडनाव नव्हतं. नावंही मोजकीच. हान्स, हाइनरिश, कॉनराड. आपण ‘सोम्यागोम्या’ म्हणतो ना, त्यासाठी जर्मन लोक आजही ‘हिन्त्स आणि कुन्त्स’ म्हणतात. म्हणजे हाइनरिश आणि कॉनराडच. गल्लीत दहा हाइनरिश असले तर कर कुणाकडून वसूल करायचा, जमीन कुणाच्या नावावर लिहायची? ऱ्हाइनकाठच्या शहरांमध्ये आधी आणि खेड्यांत नंतर, नावापुढे ओळख लागत गेली. लोहार हाइनरिश. लाल केसांचा हाइनरिश. टेकडीवरचा हाइनरिश. आणि गिरणीवाला हाइनरिश.

इथं एक गोष्ट नीट बघायला हवी. गावात शेतकरी घरटी होते. ‘शेतकरी हाइनरिश’ म्हणून काहीच कळत नव्हतं. गिरणीवाला मात्र गावात एकच. त्याचं नाव घेतलं की बोट थेट त्याच्याकडे जाई. म्हणून ते नाव त्याला चिकटलं. पुढच्या गावातही गिरणीवाला एकच होता, त्यालाही तेच नाव चिकटलं. त्याच्या पुढच्या गावातही तसंच. हजारो गावांत हजारो एकटी माणसं, आणि सगळ्यांचं नाव एक.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावचा पाटील एकच असायचा, कुलकर्णीही एकच. म्हणूनच तर आज महाराष्ट्रात पाटलांची आणि कुलकर्ण्यांची मोजदाद होत नाही.

(दृश्य: दगडी जोतं, भिंतीवर पाण्याची जुनी खूण.)

शब्द मूळचा जर्मन नाही. रोमन लोक पाणचक्की घेऊन आल्प्सच्या या बाजूला आले, आणि चक्कीबरोबर तिचं नावही आलं. लॅटिनमध्ये गिरणी म्हणजे ‘मोलिना’, गिरणीवाला ‘मोलिनारिउस’. जुन्या जर्मनमध्ये त्याचं झालं ‘मुलिनारी’, मग ‘म्युलनर’, आणि बोलता बोलता ‘न’ गळून ‘म्युलर’. काही घराण्यांनी तो ‘न’ सोडला नाही, ती आजही ‘म्युलनर’ आहेत. उत्तरेकडे समुद्राच्या बाजूला तेच आडनाव ‘मॉलर’ होतं. दक्षिणेत बव्हेरिया आणि स्वाबियाकडे ओठांचा चंबू सुटतो आणि उरतो ‘मिलर’. शिकून पंडित झालेल्या काहींनी ते पुन्हा लॅटिनमध्ये नेलं आणि स्वतःला ‘मोलिटर’ म्हणवून घेतलं.

(दृश्य: आजोबा पोत्यातून दाणे ओततात.)

हे आजोबा गिरणी दाखवतात. वर लाकडी खोका आहे, तोंडाशी रुंद, बुडाशी निमुळता. गहू त्यातून एका हलत्या पन्हाळीत पडतो. पन्हाळ सतत थरथरत असते, म्हणून दाणे धबकन न पडता मोजके पडतात. आपल्याकडे जात्यात मूठमूठ वैरण घालायची, तेच काम इथं पन्हाळ करते. दाणे वरच्या दगडाच्या भोकातून आत जातात. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. दोन्हींच्या मध्ये कागदाइतकी फट.

आणि ही घंटी. खोक्यात एक पट्टा दाण्यांखाली दाबून ठेवलेला असतो. दाणे संपत आले की पट्टा सैल होतो आणि घंटी वाजते. दाण्याशिवाय दगडावर दगड फिरला तर दगड तापतात, ठिणगी पडते. आणि पिठाची धूळ भरलेल्या लाकडी घरात ठिणगी म्हणजे घात. गिरणीवाला झोपायचा तो या घंटीकडे कान ठेवून.

(दृश्य: दगड उचलण्याची लाकडी यारी. वरचा दगड उलटा करतात.)

खरी कारागिरी दिसते ती दगड उलटा केल्यावर. वजन टनाच्या आसपास. दगडाच्या पोटावर मध्यापासून कडेपर्यंत खोबणी कोरलेल्या आहेत. या खोबणी दाणा कापतात, पीठ बाहेर ढकलतात आणि हवा खेळती ठेवून दगड गार ठेवतात. दळून दळून त्या बुजतात. मग हातोड्यासारखी दोन्हीकडे धार असलेली टाकी घ्यायची, आडवं बसायचं, कोपर पिठाच्या पिशवीवर टेकवायचं, आणि एकेक रेघ पुन्हा कोरायची. एका दगडाला दिवस जातो.

आपल्याकडे जात्याला टाकी लावायला टकारी यायचे. त्या जमातीचं नावच त्या टाकीवरून पडलं.

आजोबांचा डावा हात जवळून बघा. कातडीखाली निळसर ठिपके दिसतात. टाकीच्या पोलादाचे कण उडतात आणि हातात कायमचे रुततात. ते धुऊन निघत नाहीत. जुन्या काळी नवा माणूस कामाला आला की त्याचे हात बघूनच कळायचं, यानं किती दगड टाकवलेत.

(दृश्य: रेपिखाउ गाव. भिंतींवर रंगवलेली मध्ययुगीन चित्रं.)

हे रेपिखाउ, जर्मनीच्या पूर्व भागात, देसाउ शहराजवळ. 13व्या शतकात आइक फॉन रेपगो नावाचा माणूस इथला. 1220 ते 1235 च्या दरम्यान त्यानं सॅक्सनीतले रूढ कायदे लिहून काढले. त्या कायद्यात एक वाक्य गिरणीचं आहे: गिरणीवर जो आधी येईल, तो आधी दळेल. 800 वर्षं झाली. बँकेच्या रांगेत, बेकरीच्या रांगेत जर्मन माणूस आजही हेच वाक्य म्हणतो.

गिरणी बहुधा जमीनदाराची. भोवतालच्या गावांनी धान्य तिथंच न्यायचं, दुसरीकडे दळलं तर दंड. दळणावळ पैशात नव्हती. गिरणीवाला ठरलेलं माप काढून घ्यायचा, अनेक ठिकाणी सोळावा भाग. ते माप हातात, आणि बघायला कुणी नाही. त्यामुळे गिरणीवाल्यावर संशय कायमचाच. गिरणी गावाबाहेर ओढ्यावर, रात्रीही चालणारी. लोकांनी तिच्याभोवती भुताखेतांच्या गोष्टीही रचल्या. कित्येक शहरांत गिरणीवाल्याच्या मुलाला दुसऱ्या धंद्याच्या संघात घेत नसत. 1548 मध्ये आणि पुन्हा 1577 मध्ये तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याला हुकूम काढावा लागला, की विणकर, न्हावी, मेंढपाळ, गिरणीवाले यांच्या मुलांना धंद्याबाहेर ठेवू नका. एकच हुकूम दोनदा काढावा लागला, यावरून तो किती पाळला गेला ते समजून घ्यावं.

अख्ख्या गावाची भाकरी ज्याच्या हातून जायची, त्यालाच गावानं दाराबाहेर उभं केलं. त्याचं आडनाव मात्र टिकलं.

(दृश्य: नकाशा. गडद होत जाणारे ठिपके.)

2005 सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांवरून जर्मन अभ्यासकांनी आडनावांचे नकाशे तयार केले. म्युलर सगळीकडे आहेत, पण नैऋत्येकडे, सारलँडच्या बाजूला नकाशा गडद होतो. पलीकडे फ्रान्सच्या हद्दीत, अल्सास आणि लोरेनमध्येही तेच आडनाव फ्रेंच वळणानं ‘म्युलेर’ होऊन उभं आहे. उत्तरेला ते फिकट होतं, कारण तिथं मॉलर सुरू होतात. न्यायाला धरून एक सांगायला हवं: लोहारावरून आलेली श्मिट, श्मिड, श्मित्स ही सगळी रूपं एकत्र मोजली, तर लोहार गिरणीवाल्याच्या पुढे जातो. एकाच स्पेलिंगचं आडनाव म्हणाल तर पहिला म्युलर.

जर्मन संसदेत एका वेळी इतके म्युलर निवडून येतात की नावापुढे कंसात गाव लिहावं लागतं. फुटबॉलमध्ये गेर्ड म्युलर: देशासाठी 62 सामन्यांत 68 गोल. 2010 च्या विश्वचषकात सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा थॉमस म्युलर, पाठीवर गेर्डचाच 13 नंबर. 2009 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हेर्टा म्युलर जन्मल्या रुमानियात, 18व्या शतकात तिकडे जाऊन वसलेल्या जर्मन लोकांच्या गावात. अमेरिकेत गेलेले कितीतरी म्युलर तिथं ‘मिलर’ झाले.

(दृश्य: देसाउ. बागेजवळचं स्मारक, पांढरा संगमरवर.)

आता पुन्हा देसाउ. हे स्मारक विल्हेल्म म्युलरचं. 1794 चा जन्म, बाप शिंपी. म्हणजे आडनाव गिरणीचं आणि घरात सुईदोरा. दळणाशी या घराण्याचा संबंध केव्हाच तुटलेला. तरी या कवीनं लिहिल्या त्या गिरणीत काम शोधत निघालेल्या एका तरुणाच्याच कविता, आणि संगीतकार शूबर्टनं 1823 मध्ये त्यांना चाली लावल्या. ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठीही तो लिहीत राहिला, म्हणून लोक त्याला ‘ग्रीक म्युलर’ म्हणू लागले. नुसतं म्युलर म्हणून भागत नव्हतंच. हा संगमरवर ग्रीसहून आला आहे.

त्याच 1823 सालच्या डिसेंबरमध्ये त्याला मुलगा झाला. फ्रीडरिश मॅक्स.

पुण्यात बोट क्लब रोडवर जर्मन शिकायला गेलेल्या कुणालाही हे नाव सांगायला नको. आपण ज्यांना मॅक्समुल्लर म्हणतो, तिथल्या मॅक्समुल्लर भवनाला ज्यांचं नाव आहे, ते हेच. ऑक्सफर्डला राहून त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापला. पहिला खंड 1849 मध्ये, सहावा 1874 मध्ये. टिळकांना 1897 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत ते होते.

‘मॅक्स’ हे त्यांच्या आडनावाचा भाग कसं झालं? नुसतं ‘म्युलर’ फार जणांचं आहे, त्यात आपण हरवून जाऊ असं त्यांना वाटलं, म्हणून पहिलं नाव त्यांनी आडनावाला जोडून घेतलं. पूर्वी हाइनरिशला ओळखू यावं म्हणून त्यापुढे म्युलर लावलं. आता म्युलरला ओळखू यावं म्हणून मॅक्स लावावं लागलं. आणि संस्कृतात स्वतःचं नाव लिहिताना त्यांनी लिहिलं, ‘मोक्षमूलर’.

(दृश्य: जुन्या हाताच्या जात्याचा दगड, संग्रहालयात.)

पाणचक्कीच्या आधी इथंही हाताचंच जातं होतं. त्याला जुना जर्मन शब्द ‘क्विर्न’. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, हा शब्द आणि ऋग्वेदातला ‘ग्रावन्’ एकाच मुळाचे. ग्रावन् म्हणजे सोम कुटायचा दगड. दहाव्या मंडलातलं 94वं सूक्त या दगडांनाच उद्देशून आहे. ज्या माणसाचं आडनाव दगडाखाली तयार झालं, त्यानं छापलेल्या ग्रंथात तो दगड आहे.

हातानं दळणाऱ्या बायकांच्या कामाचं मात्र आडनाव झालं नाही. तिथंही नाही, इथंही नाही. आपल्याकडे त्यांच्या ओव्या तरी उरल्या.

(दृश्य: बंद गिरण्या. काचा फुटलेल्या खिडक्या.)

1957 मध्ये पश्चिम जर्मनीनं कायदा करून छोट्या गिरण्या बंद करणाऱ्यांना पैसे दिले. हजारो गिरण्या थांबल्या.

(दृश्य: पुन्हा ओढ्याकाठची गिरणी. दुपार. रांग.)

रांगेत आता पुढं एक मुलगी आहे. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोनेक किलो गहू. मागच्या माणसाचं पोतं मोठं आहे, त्याला घाई आहे. आजोबा मान हलवतात आणि मुलीच्या पिशवीकडे बोट करतात.

पन्हाळ थरथरते आहे. मुलीनं हात पुढे केला आहे. पीठ गरम लागतं म्हणून तिनं तो मागे घेतला, आणि पुन्हा पुढे केला.

घंटी वाजली.

(निवेदन थांबतं. पाण्याचा आवाज.)